माळरानावर संध्याकाळी शिकारी पक्षी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीत पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या गवताळ माळांवर भोवत्या पक्षी मुक्कामाला येतात. दिवसभर विखुरलेले हे पक्षी सूर्य मावळताना एकेक करून एकाच गवतात उतरतात. दख्खनमध्ये शिकारी पक्षी पाहण्याची यापेक्षा चांगली संधी क्वचितच मिळेल. पहिल्यांदा जाणाऱ्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

भोवत्या म्हणजे नेमका कोणता पक्षी? घारच ना?

नाही. भोवत्या (इंग्रजीत हॅरियर) घारीपेक्षा सडपातळ आणि हलका असतो. माँटेग्यूचा भोवत्या ही त्यांतली एक जात. तिचा नर जेमतेम २५० ते ३०० ग्रॅम भरतो, पण पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत मीटरभर लांबी होते. एवढ्या मोठ्या पंखांवर एवढे कमी वजन असल्यामुळे तो अगदी सावकाश आणि अगदी खालून उडू शकतो. गवताच्या शेंड्यांवरून एक-दोन मीटर उंचीवर तो पाच-सहा वेळा पंख मारतो, मग पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगतो. मान खाली असते. अचानक वळतो, पाय सोडतो आणि गवतात दिसेनासा होतो. बहुतेक वेळा त्याने नाकतोडा धरलेला असतो, कधी उंदीर किंवा चंडोल.

घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती बहुधा उंचावर घिरट्या घालते. भोवत्याची शेपटी लांब, सरळ आणि टोकाला गोलसर असते. गवतावरून खालून जाणारा, पंख वर धरलेला लांब शेपटीचा पक्षी दिसला, तर तो भोवत्याच समजायला हरकत नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

भोवत्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून, म्हणजे कझाकस्तान आणि रशियाच्या दक्षिण भागातून येतात. सप्टेंबरअखेर पहिले पक्षी दिसू लागतात आणि मार्चअखेर बहुतेक परतलेले असतात. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वात चांगला. पाऊस चांगला झालेल्या वर्षी गवत दाट आणि नाकतोडे भरपूर असतात, त्यामुळे पक्षीही जास्त टिकतात. दुष्काळी वर्षी नेहमीचा माळ ओसाड दिसला, तर पक्षी संपले असे समजू नका. जिथे गवत उरले आहे तिथे ते सरकलेले असतात.

किती वाजता पोहोचायचे?

सूर्यास्ताच्या दीड तास आधी. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य साधारण ५:५७ ला मावळतो, जानेवारीच्या मध्यात ६:१६ ला आणि फेब्रुवारीच्या मध्यात ६:३४ च्या सुमारास. सोलापुरात हीच वेळ सात-आठ मिनिटे आधी येते. म्हणजे डिसेंबरात साडेचारला तुम्ही जागेवर बसलेले हवे. 'साडेचारला पुण्यातून निघू' म्हणणाऱ्यांना हा सोहळा दिसत नाही.

लोक सर्वात जास्त चुकतात ते इथेच. पक्षी उतरू लागल्यावर पोहोचलात, तर गाडी, दारांचा आवाज आणि चालणारी माणसे पाहून खाली बसलेले पक्षी उठतात आणि मागून येणारे उतरत नाहीत. आधी येऊन स्थिर बसलेल्या माणसाकडे पक्षी फारसे लक्ष देत नाहीत.

संध्याकाळ साधारण अशी उलगडते. सूर्यास्ताआधी तास-दीड तास कापशी आणि खरुची हे छोटे शिकारी पक्षी जोरात शिकार करत असतात. सापमार गरुड दिसला तर याच वेळी, झाडाकडे परतताना. मग अर्धा तास उरला असताना पहिले एक-दोन भोवत्या लांबून येतात. ते लगेच गवतात उतरत नाहीत. शेजारच्या नांगरलेल्या रानात किंवा मोकळ्या मुरमाड जमिनीवर ढेकळांसारखे बसून राहतात. दुर्बिणीने ती ढेकळे एकेक करून तपासा, त्यांतली काही मान वळवताना दिसतील. सूर्य बुडाल्यापासून पुढची वीस मिनिटे खरी गर्दीची. सगळ्या बाजूंनी पक्षी येतात, गवतावर फेर धरतात, एकमेकांना हुसकतात, बसतात, उठतात, पुन्हा बसतात. आभाळ ढगाळ असेल तर हे सगळे थोडे लवकर घडते. वारा जोराचा असेल तर फेर लांबतात.

इतके पक्षी एकाच जागी का झोपतात? तेही जमिनीवर?

भोवत्या सहसा झाडावर झोपत नाहीत. उभ्या गवतात प्रत्येक पक्षी आपापली छोटी जागा दाबून सपाट करतो आणि तिथे रात्र काढतो. या मुक्कामाच्या जागेला पक्षिनिरीक्षक रातथारा म्हणतात. जमिनीवर झोपणाऱ्याला कोल्हा, लांडगा, रानमांजर आणि आता सर्वात जास्त मोकाट कुत्रे यांचा धोका असतो. अनेक जण एकत्र असले तर कुणाला तरी चाहूल आधी लागते आणि सगळेच सावध होतात.

गवत साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच लागते. फार खुजे असेल तर आडोसा मिळत नाही, फार दाट असेल तर झटकन उडता येत नाही. म्हणून एका माळावर शेकडो एकर गवत असले, तरी रातथारा त्यातल्या दोन-चार एकरांतच असतो. तेवढे गवत जळले, कापले गेले किंवा तिथे खड्डे खणून रोपे लावली, तर बाकीचा माळ शाबूत असूनही पक्षी जागा सोडतात.

कुठे जावे? नेमकी जागा सांगा.

रातथाऱ्याची नेमकी जागा आम्ही कुणालाच सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नये, अशी विनंती आहे. परिसर मात्र सांगता येतो. बारामती तालुक्यातले सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी, कर्जत तालुक्यातले रेहेकुरी आणि सोलापूरजवळचे नान्नज इथल्या माळांवर आणि आजूबाजूच्या शेतांत थंडीत भोवत्या उडताना दिसतात. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे माळरान सफारीही सुरू केली आहे. ऑनलाइन नोंदणी करून स्थानिक वाटाड्याबरोबर जाता येते. पहिल्या वेळेला हाच मार्ग आम्ही सुचवतो, कारण गावातल्या वाटाड्याला या वर्षी पक्षी कुठे आहेत हे ठाऊक असते.

अभयारण्याचे फाटक संध्याकाळी बंद होते. वेळ आत जातानाच विचारून घ्या. सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय आत थांबू नका. पुष्कळदा बाहेरच्या रस्त्यावरून किंवा गायरानाच्या कडेने जास्त चांगले दिसते.

भोवत्यांच्या जातींपैकी दलदली भोवत्याला पाणी लागते. तो उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या आसपास आणि इतर तलावांवर पाणकणसात मुक्काम करतो. लांब जायची तयारी असेल, तर गुजरातमध्ये भावनगरजवळचे वेळावदर आहे. तिथला रातथारा जगातल्या सर्वात मोठ्या रातथाऱ्यांपैकी एक मानला जातो.

बसायची जागा कशी निवडायची?

तीन गोष्टी पाहा: प्रकाश, वारा आणि अंतर.

सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे गवताच्या पश्चिमेला किंवा नैऋत्येला बसून पूर्वेकडे पाहा. सूर्यास्तापर्यंत पक्ष्यांवर पिवळे ऊन पडते आणि रंग स्वच्छ दिसतात. उलट्या बाजूला बसलात तर प्रत्येक पक्षी काळा दिसेल. सूर्य बुडाल्यावर मात्र गणित उलटते. पूर्वेचे आकाश आणि जमीन एकाच राखाडी रंगाची होते, तेव्हा मान वळवून पश्चिमेच्या उजेडावर उमटणाऱ्या आकृत्या पाहा. तिथे रंग कळणार नाहीत, पण संख्या मोजता येईल.

उतरताना पक्षी वाऱ्याला तोंड देतो. मूठभर सुके गवत हवेत सोडले की वारा कुठून येतो ते कळते. पक्षी वाऱ्याच्या उलट्या दिशेने शेवटची झेप घेणार हे धरून चाला, म्हणजे दुर्बीण आधीच योग्य जागी रोखता येते.

अंतर किमान २०० ते ३०० मीटर. हे अंतर जास्त वाटते, पण तिन्हीसांजेला गवतावर फिरणारे पक्षी स्वतःहून तुमच्या बरेच जवळून जातात. फेर धरणारे पक्षी तुमच्याकडे येऊन एकदम वळून जात असतील, किंवा मोकळ्या जमिनीवर बसलेले उठून लांब जात असतील, तर तुम्ही फार जवळ आहात. शंभरेक मीटर मागे या.

गाडीतच बसणे सर्वात सोपे. उभ्या गाडीला पक्षी बुजत नाहीत, दार उघडून उतरणाऱ्या माणसाला बुजतात. इंजिन बंद ठेवा, काच आधीच खाली घ्या. गाडी नसेल तर बांधाला किंवा बोरीच्या झुडपाला पाठ लावून खाली बसा. क्षितिजावर उभा माणूस फार लांबून दिसतो.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. संध्याकाळच्या कामासाठी यापेक्षा शहाणी निवड आम्हाला माहीत नाही. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो ते, दुसरा आकडा भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास आहे. त्याला पहिल्या आकड्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५ मिमीच्या थोडी वर, १०×५० मध्ये ५ मिमी, तर खिशातल्या ८×२५ मध्ये फक्त ३ मिमी असते. अंधारताना आपली बाहुली पसरते, पण ३ मिमीचा झोत तिला पुरत नाही. म्हणून छोट्या दुर्बिणीतले चित्र सूर्यास्तानंतर दहा मिनिटांत काळवंडते. शिवाय ८ च्या दुर्बिणीत १००० मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. सारखा वळणारा पक्षी सापडायला तो रुंद पट्टा कामी येतो.

तिपाईवरची मोठी दुर्बीण असेल तर ढेकळांवर बसलेले पक्षी पाहायला ती उत्तम. ती २० पटीवरच ठेवा. ८० मिमी भिंगाला २० पटीवर ४ मिमी झोत मिळतो, ६० पटीवर जेमतेम १.३ मिमी. शिवाय दुपारच्या तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवाही साठपट मोठी होऊन दिसते.

दुर्बिणीत धूसर दिसते, काय चुकते?

बहुतेक वेळा दोन डोळ्यांचा मेळ बसवलेला नसतो. उजेड असतानाच हे करून ठेवा. पन्नास-साठ मीटरवरचा एखादा खांब निवडा. उजव्या बाजूचे भिंग तळहाताने झाका आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला खांब स्पष्ट करा. आता डावे भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. ती कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधले चाक वापरायचे. चष्मा असेल तर नेत्रिकेचे रबरी कप खाली फिरवा, नाहीतर चित्राभोवती काळे वर्तुळ दिसते.

पक्षी सापडत नसेल तर आधी दुर्बीण लावून शोधू नका. नजर पक्ष्यावर ठेवा आणि ती न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा.

नर, मादी आणि प्रजाती कशा ओळखायच्या?

नर सोपे आहेत. पांढुरक्या भोवत्याचा नर लांबून पांढराच दिसतो आणि पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर असते. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर जास्त राखाडी असतो, पंखाचे टोक अधिक काळे, पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध एक काळी रेघ आणि कुशीवर तांबूस रेघोट्या. दलदली भोवत्याचा नर तिरंगी दिसतो: तपकिरी, राखाडी आणि काळा. त्याची मादी गर्द तपकिरी, डोके मात्र साईच्या रंगाचे, आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा नसतो.

अवघड आहेत त्या पांढुरक्या आणि माँटेग्यूच्या माद्या. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा ठसठशीत डाग. पांढुरक्या मादीच्या गालावरच्या गडद ठिपक्यामागे फिकट गळपट्टा असतो, तो माँटेग्यूत जवळजवळ नसतो. चांगल्या उन्हात, पक्षी जवळून वळला तरच हे दिसते. पोटाकडून एकसारखा तांबूस, रेघोट्या नसलेला पक्षी दिसला तर ते त्याच वर्षीचे पिल्लू. सूर्य बुडाल्यावर माद्यांची प्रजाती ठरवायच्या फंदात पडू नका. वहीत 'भोवत्या, मादीरंगी, प्रजाती अनिश्चित' असे लिहा. ती नोंद खरी असते आणि म्हणून उपयोगी असते. छातीठोकपणे लिहिलेली चुकीची प्रजाती पुढची कित्येक वर्षे गोंधळ घालते.

हवेत एका जागी थांबून पंख मारणारा पक्षी कोणता?

पांढरा-राखाडी, खांदे काळे आणि डोळे लाल असतील तर कापशी. विटकरी पाठीचा, लांब शेपटीचा असेल तर खरुची. कापशी खाली येताना पंख वर धरून पायऱ्या उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने उतरते. बराच मोठा, खालून पांढरट आणि गळ्याजवळ तपकिरी पक्षी असाच थांबला असेल तर तो सापमार गरुड.

मोजणी कशी करायची?

दोघे-तिघे असाल तर माळाचे भाग वाटून घ्या. झाड, विजेचा खांब, टेकडीचे टोक अशा ठळक खुणांनी सीमा ठरवा आणि प्रत्येकाने फक्त आपल्या भागात उतरणारे पक्षी मोजा. वहीत दोन रकाने करा, 'बसले' आणि 'उठले', आणि दर पाच मिनिटांनी नवी ओळ सुरू करा. फेर धरणारे पक्षी मोजायचे नाहीत, नाहीतर एकच पक्षी चार वेळा मोजला जातो. शेवटी बसलेल्यांतून उठलेले वजा करा. ३७ बसले आणि ६ उठले, तर त्या संध्याकाळचा आकडा ३१. मोजणाऱ्याने वहीत पाहू नये. त्याने पुटपुटावे, दुसऱ्याने लिहावे.

वेळ, ढग, वारा आणि कुत्रे किंवा माणसांचा व्यत्यय आला का, हेही लिहा. एका संध्याकाळी आकडा निम्म्यावर आला तर कारण बहुधा याच ओळीत सापडते. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना रातथाऱ्याचा अचूक बिंदू देऊ नका, गावाचे किंवा तालुक्याचे नाव पुरे.

निघायचे कधी?

शेवटचा पक्षी बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी. तोवर थांबणाऱ्याला बक्षीसही मिळते. भोवत्या बसतात त्याच गवतातून आखूड कानाचे घुबड बाहेर पडू शकते. हेही हिवाळी पाहुणे, हेही गवतात जमिनीवर राहणारे, आणि याचे उडणेही दुरून भोवत्यासारखेच वाटते. फक्त डोके मोठे आणि मान नसल्यासारखी. रातवा ओरडू लागतो, जमिनीवर चेंडू टप्पे घेत थांबत जावा तसा. ओढ्याच्या कड्यावरून शृंगी घुबडाचा खोल, दुहेरी हुंकार येतो.

निघताना गाडीचे दिवे रातथाऱ्यावर पडणार नाहीत अशी गाडी आधीच, म्हणजे आल्याआल्या, वळवून उभी करा. अंधारात उठवलेल्या पक्ष्याला पुन्हा सुरक्षित जागा शोधणे फार कठीण जाते.

फोटो काढता येतील का?

सूर्यास्तापूर्वी, गाडीतून, ४०० मिमी किंवा त्याहून मोठ्या भिंगाने. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद तरी लागतो. सूर्य बुडाल्यावर कॅमेरा खाली ठेवा. फ्लॅश, ड्रोन, आवाज लावून बोलावणे आणि पक्षी उडावा म्हणून गवतात माणूस पाठवणे, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्ष्याला त्रास देणे हा गुन्हाही ठरू शकतो.

अंगावर आणि पिशवीत काय असावे?

माळावरच्या कुसळी गवताची कुसळे मोज्यांत शिरतात आणि पिळ घेत आत जातात. लोकरी मोजे नकोत. गुळगुळीत कापडाची पूर्ण विजार आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. रंग मातकट किंवा करडा, पांढरा शर्ट नको. दुपारी घाम येत असला तरी स्वेटर न्याच, कारण सूर्य गेल्यावर उघडा माळ झपाट्याने गार होतो. दोन लिटर पाणी, पेन्सिल (गारठ्यात पेन दगा देते) आणि काचेवर लाल पारदर्शक कागद लावलेली विजेरी.

फुरसे आणि घोणस दोन्ही या माळांवर असतात. अंधारात पायवाट सोडून चालू नका, दगडांत हात घालू नका. साप चावलाच तर १०८ ला फोन करा, चावलेला अवयव स्थिर ठेवा. कापणे, चोखणे आणि करकचून बांधणे टाळा.

जखमी शिकारी पक्षी सापडला तर?

अंगावर जाड कापड टाका, पाय आधी धरा (इजा चोचीने कमी आणि नखांनी जास्त होते) आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोके अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. खायला काही देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माळ पेटलेला दिसला तरी हाच क्रमांक.

आम्ही कोकणात राहतो. आम्हाला माळ कुठून मिळणार?

तुमच्याकडे खाडीची मुखे आहेत. संध्याकाळी ब्राह्मणी घारी आणि घारी मुक्कामाच्या झाडांवर जमतात. किनाऱ्यावरच्या सुरूच्या किंवा आंब्याच्या उंच झाडांवर काकणाचे, म्हणजे समुद्री गरुडाचे, मोठे काटक्यांचे घरटे दिसू शकते. घरट्याखाली जाऊन उभे राहू नका, लांबून पाहा. किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, त्यामुळे पाण्यावरचा पक्षी काळाच दिसतो. शक्य असेल तर खाडीच्या पश्चिम काठावरून आतल्या बाजूला पाहा.

भोवत्या कमी होत आहेत का?

पांढुरका भोवत्या जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांत आहे. आपल्या बाजूची कारणे डोळ्यांसमोर आहेत. माळाला सरकारदरबारी आणि बोलण्यातही 'पडीक जमीन' म्हटले जाते, म्हणून तिथे चर खणून झाडे लावली जातात. झाडी वाढली की गवतावर जगणारे पक्षी जातात. शेतातल्या कीटकनाशकांनी नाकतोडे संपतात, आणि भोवत्याचे इथले मोठे अन्न तेच. मोकाट कुत्र्यांचे कळप रात्री रातथारा उठवतात. उन्हाळ्याआधी लावलेल्या वणव्यात मुक्कामाचे गवत जाते.

गावकऱ्यांशी काय बोलावे?

आधी रामराम करा आणि काय पाहायला आलात ते सांगा. गाडी बांधावर किंवा पिकात घालू नका. मेंढपाळ रोज त्याच माळावर असतात. 'गवतावरून खालून उडणारी, शेपटीवर पांढरा पट्टा असलेली घार सांजेला कुठे बसते?' असे त्यांना विचारलेत, तर बऱ्याचदा ते काठीने दिशा दाखवतात.